चुल्हा कोठे मांडसूत?

मे महिन्यात जळगावकराला निसर्गाकडे जावं लागत नाही, निसर्गच घरी येतो. सकाळी दहाला तो अंगणात उभा असतो, अकराला गच्चीवर चढतो आणि बाराच्या सुमाराला भिंतीतून आत शिरतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट चहाला चालतं, फक्त पत्ती टाकायची. अशाच एका दुपारी मी कूलरमध्ये तिसरी बादली ओतत असताना बायको म्हणाली, “अहो, कुठे तरी निसर्गात जाऊ या.”

“मग आत्ता आपण कशात आहोत?”

“ही भट्टी आहे. निसर्ग म्हणजे झाडं, पाणी, पक्षी.”

घराबाहेर न पडण्याच्या बाबतीत माझे आदर्श म्हणजे चाळीसगावचे केकी मूस. विलायतेत फोटोग्राफी शिकून आलेला हा कलावंत एकदा चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात शिरला, तो १९८९ साली जाईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर म्हणून फारसा पडला नाही. देखावा हवा असला की टेबलावरच मांडायचा, दिवे लावायचे, फोटो काढायचा. त्याच फोटोंनी बक्षिसांचा ढीग मिळवला. हे सगळं मी बायकोला मोठ्या तळमळीनं सांगितलं.

“त्यांनी टेबलावर देखावा मांडला,” ती म्हणाली. “तुमच्या टेबलावर लाइटची बिलं आणि दाढीचं सामान आहे.”

मग तिने जिल्ह्याचा इतिहास काढला. बालकवी धरणगावचे, बहिणाबाई असोद्याच्या. ज्या मातीत निसर्गाच्या एवढ्या कविता झाल्या तिथला माणूस कूलरसमोर बनियनवर बसतो म्हणजे काय! त्या दोघांच्या काळी कूलर नव्हता, असता तर मराठी कवितेचं काय झालं असतं कोण जाणे, हे उत्तर मी गिळलं. तिसरी बादली अजून माझ्या हातात होती आणि बायको ओतायच्या अंतरावर उभी होती.

खरं सांगायचं तर आम्हा लोकांना बघण्याची फार घाई नसते. अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटर. १८१९ साली शिकारीला निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला तो भर रानात सापडला. मला अजून घरी पाहुणा आल्याशिवाय सापडत नाही. आमचे साडू धुळ्याच्या देवपुरात राहतात. मुंबईच्या रस्त्याला लागलं, की “हाऊ लळिंगना किल्ला,” असं ते इतक्या अभिमानाने सांगतात, की बांधकामावर देखरेख त्यांचीच असावी. पन्नास वर्षांत एकदाही वर गेलेले नाहीत. “कोठे पळी जाई ऱ्हायना का तो?” असा त्यांचा सवाल आहे.

तर पाल ठरलं. पाल म्हणजे रावेर तालुक्यातलं, सातपुड्यातलं आमचं थंड हवेचं ठिकाण. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाने हे वाक्य सोडून पुढे वाचावं. साडूंना फोन लावला. सातपुड्याचं रान, सुकी नदी, १९६९ सालापासूनचं यावल अभयारण्य, पहाटेची झुळूक, असं अर्धा तास वर्णन केलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ते बठ्ठं ठीक शे,” ते म्हणाले. “पन चुल्हा कोठे मांडसूत?”

या प्रश्नात खानदेश सगळा आला. आमच्याकडे सहल म्हणजे स्वयंपाकघर उचलून दुसरीकडे ठेवणं. आम्हाला निसर्ग तीन दगडांइतकाच लागतो, बाकीचा शोभेला. एखाद्या रम्य ठिकाणी पोचल्यावर आमचे थोरले बंधू नाना डोळे मिटून उभे राहतात. नवख्या माणसाला वाटतं, निसर्गाशी तादात्म्य चाललंय. ते वाऱ्याची दिशा बघत असतात.

पालला अकरा माणसं, दोन गाड्या, आणि तिसऱ्या गाडीत गोवऱ्या. बेत वरण-बट्टीचा. नानांनी एका झाडाखाली वारा तपासला, दगड लावले, गोवऱ्या रचल्या, एवढ्यात वनरक्षक आला.

“साहेब, इथे आग लावता येणार नाही.”

“आग नाही हो, बट्ट्या आहेत.”

“बट्ट्यांना आग लागेलच ना? अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२.”

“बट्टी १९७२ च्या आधीची आहे,” नाना म्हणाले.

माणूस बोलायला मऊ, पण कायद्याला पक्का होता. बोलता बोलता त्याचं लक्ष पातेल्याकडे जात होतं. वरणाला फोडणी लसणाची का, एवढं त्याने हळूच विचारून घेतलं, आणि तशी ती आहे असं कळल्यावर दुःखी चेहऱ्याने आम्हाला अभयारण्याच्या हद्दीबाहेर जायचा रस्ता दाखवला. मग आम्ही निसर्गाकडे पाठ करून घाट उतरलो, सपाटीला आलो आणि एका ओळखीच्या नसलेल्या शेतकऱ्याच्या केळीच्या बागेच्या बांधावर, भर उन्हात, गोवऱ्यांच्या धगीपुढे बसून साडेतीन तास बट्ट्या भाजल्या. शेतकरी आधी भांडायला आला होता, नंतर जेवायला बसला. त्या सहलीचे शंभर-सव्वाशे फोटो आहेत. सगळ्यांत केळी आहेत. घरी येऊन आरशात पाहिलं तर मी आणि बट्टी यांच्या रंगात फरक उरला नव्हता.

श्रावणात मनुदेवीला गेलो. धबधबा उत्तम होता असं जे लोक त्याच्याकडे बघत होते ते सांगतात. आम्ही ओल्या काडेपेटीकडे बघत होतो. त्या दिवशी शेवटी ढाब्यावर शेवभाजी खाल्ली आणि नाना तीन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

समुद्राची कल्पना चिरंजीवांची. ते पुण्यात नोकरीला आहेत, त्यामुळे घरी येताना काही ना काही कल्पना घेऊनच येतात. “पप्पा, डिसेंबरात अलिबागकडे जाऊ. आक्षी-नागावला किनाऱ्यावरच सुरूचं बन आहे. जंगल आणि समुद्र एका जागी.”

“एवढ्या लांब?”

“तापीचं पाणी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर जातं, सुरतेजवळ समुद्राला मिळतं. तापी जाते, तुम्ही का नाही?”

तापीला वाटेत जेवायला थांबायचं नसतं, हे मी म्हटलं. पण नाना एकदम सरसावून बसले होते. चंपाषष्ठी नुकतीच झाली होती. नाना चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की त्यांचं वांग्याचं खातं उघडतं आणि मग फाल्गुनापर्यंत रोज व्यवहार चालतो. “समुद्रावर भरीत,” ते पुटपुटले. कोलंबसाचा चेहरा किनारा दिसल्यावर असाच झाला असेल.

मग सामानाची यादी झाली. बामणोदची वांगी वीस किलो. इथे थोडं थांबायला हवं, कारण हे वांगं म्हणजे बाजारातलं कोणतंही वांगं नव्हे. हिरवट पांढरं, लांबलचक, बिया नावाला. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नाना त्याच्याशी जरा अदबीनं वागतात. तर वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, दाणे, खोबरं, कळण्याचं पीठ. भरीत ठेचायची बडजी, म्हणजे लाकडाची खोल कुंडी आणि तिचं मुसळ. ही उचलायला दोन माणसं लागतात आणि दोन्ही वेळेला त्यांतला एक मी असतो. शिवाय तुराट्यांचे चार भारे.

“नाना, कोकणात लाकडं मिळतात,” मी म्हटलं.

“मिळत असतील. भरताला तुराटीच लागते.”

“आणि ही केळीची पानं? कोकणात केळीची पानं नेणार?”

“त्यांची पानं कशी असतात आपल्याला काय माहीत?”

टपावर तुराट्या, तुराट्यांवर बडजी, बडजीत पानं, अशी आमची गाडी निघाली तेव्हा गल्लीतल्या एका पोराने विचारलं, “काका, शेत विकलं का?”

धुळ्याला नाश्त्यासाठी पंधरा मिनिटं थांबायचं ठरलं होतं, ते सव्वादोन तास थांबलो. लळिंगचा किल्ला पाहिला, म्हणजे साडूंनी दाखवला. पुढे एका नाक्यावर पोलिसाने गाडी बाजूला घेतली आणि टपाकडे बोट केलं.

“ते काय आहे?”

“बडजी.”

“कशाची?”

“भरताची.”

“त्यांना सांगा, आपापलं सामान आपल्या गाडीतून न्यायचं,” असं बजावून त्याने आम्हाला सोडलं.

मुक्कामी पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते. माडांच्या वाडीत खोल्या, खोल्यांचे मालक एक शिडशिडीत काका, अंधार मिट्ट. अंथरुणावर पडल्या पडल्या वहिनी म्हणाल्या, “जागा चांगली आहे, पण हायवे फार जवळ आहे बाई. ट्रक काही थांबत नाहीत.” तो समुद्र होता. वहिनींचं माहेर-सासर दोन्ही महामार्गालगत गेलेलं, त्यांना दुसरा आवाज ओळखू यायचं कारण नव्हतं.

सकाळी सगळे नवे कपडे घालून समुद्र बघायला गेलो. समुद्र नव्हता. लांबच लांब ओली वाळू, तीत काही खेकडे आणि पार क्षितिजाशी एक पांढरी रेघ. वीस किलो वांगी घेऊन आम्ही इतक्या लांबून आलो होतो.

नानांनी अनुभवी नजरेनं पाहिलं. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि ते उघडले की तापीकाठच्या माणसाला बातमी वाचावी लागत नाही. त्यांनी काकांना विचारलं, “किती दरवाजे उघडले?”

“कसले दरवाजे? ओहोटी आहे. दुपारी भरेल.”

“आपोआप?”

“आपोआप. दिवसातून दोनदा भरतं, दोनदा ओसरतं.”

नाना मट्कन वाळूत बसले. गिरणा धरण किती टक्के भरलं हे पाहून ज्याने आयुष्यभर पेपर उघडला त्याच्यावर हा आघात होता. “रोज दोनदा भरतं,” ते स्वतःशीच बोलत होते, “आणि रोज दोनदा सोडून देतात. आवर्तनाची मागणीसुद्धा नाही कोणाची.”

साडू तोवर पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून त्या पांढऱ्या रेघेपर्यंत चालत जाऊन आले होते. त्यांनी हातातल्या चपला झटकल्या आणि अहवाल दिला, “इतलं पानी, आन् एक बी मोटर नही!”

ओहोटीचा एक फायदा असा, की अलिबागचा कुलाबा किल्ला पाण्यात असूनही चालत गाठता येतो. आम्ही गेलो. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे कळल्यावर नाना आणि साडू विहिरीच्या काठाला जे चिकटले ते काही केल्या हलेनात. पाणी किती फुटांवर लागलं असेल, खडक कोणता, आपल्या बोअरला तीनशे फुटांवर धूळ कशी लागली, असा परिसंवाद तासभर चालला. किल्ला कोणी पाहिला नाही. परतायला निघालो तर वाळूचा रस्ता पाण्याखाली गेलेला. घोडागाडीवाल्याने येताना जो दर सांगितला होता तो भरतीबरोबर वाढला होता. “पाण्याबरोबर भाडं चढतं का?” मी विचारलं. “ओसरतं पण,” तो म्हणाला, “थांबा सहा तास.”

किहीमला जायचा आग्रह चिरंजीवांचा. तिथे १९३० साली सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. सुगरण म्हटल्यावर नाना जागे झाले. “तो आमच्याकडचा पक्षी आहे. बहिणाबाईंची खोप्याची कविता आहे.” चिरंजीव म्हणाले, “पण सालिम अलींनी काय दाखवलं माहितीय का? घरटं नर विणतो. मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते.” हे ऐकून बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या मोरीचा नळ दिवाळीपासून गळतो आहे. त्याच नराच्या बिऱ्हाडांची संख्या पुढे वाढत जाते, ही दुसरी माहिती चिरंजीवांनी नंतर मला एकट्याला सांगितली. सालिम अलींनी दोन्ही गोष्टी बरोबरच प्रसिद्ध केल्या असाव्यात, पण आमच्या घरात पहिलीच आवृत्ती खपली.

आता संध्याकाळ. ज्यासाठी आलो ती.

सुरूचं बन खरोखर देखणं. उंच, बारीक, सुयांसारख्या फांद्यांची झाडं, त्यांतून वारा गेला की दुरून कोणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. खाली सुकलेल्या काड्यांचा पायभर मऊ थर. नानांनी डोळे मिटले, दिशा ठरवली, तीन दगड लावले आणि तुराटी पेटवणार इतक्यात काका वाडीतून धावत आले. धावता धावताच ओरडत होते, “अहो नको, नको! पेटेल सगळं बन!”

पाल आठवून आमचे चेहरे पडले. चिरंजीव म्हणाले, “पप्पा, सुरू मूळचा इकडचा नाहीच. ऑस्ट्रेलियाकडून आलाय. वारा आणि वाळू अडवायला लावतात.”

“पाहुणा आहे होय,” नाना वरमले. “मग त्याला कशाला जाळायचं?”

काकांनी बनाबाहेर मोकळी वाळू दाखवली. “इथे काय ते करा. मी पण पोपटी लावतोय तुमच्यासाठी.” त्यांनी एक मडकं आणलं. तळाशी भांबुर्डीचा पाला दाबला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, चार बारकी वांगी, खाणाऱ्यांसाठी अंडी, जाडं मीठ, ओवा. पुन्हा पाल्याने तोंड बंद केलं, मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा आणि सुका पाचोळा रचून काडी लावली आणि खुर्चीत बसून मोबाइल बघू लागले. अर्धा तास त्यांचं काम संपलं होतं.

आमचं सुरू होत होतं. खानदेशात वारा एका दिशेने येतो आणि शब्द पाळतो. समुद्राचा वारा येतो, विचार बदलतो, वळतो, पुन्हा येतो. मला पुठ्ठ्याने जाळाला वारा घालायचं काम होतं. मी पश्चिमेकडून वारा घातला तर धूर माझ्या डोळ्यांत. पूर्वेला जाऊन बसलो तर धूर पाठोपाठ आला. वांगी एका अंगाने कोळसा आणि दुसऱ्या अंगाने बामणोदहून नुकतीच निघाल्यासारखी टवटवीत. मागे सगळे एकदम “अहाहा” करू लागले.

“अहो, सूर्य बुडतोय बघा!” बायको ओरडली.

“थांब गं,” मी म्हणालो, “हे एक वांगं उलटू दे.”

उलटलं, मान वळवली, तर सूर्य गेला होता. त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात लालभडक आकाश आहे, सोनेरी समुद्र आहे आणि मध्यभागी ओणवा असा मी पाठमोरा.

वांगी सोलली, मिरच्या-लसूण भाजून झाला, बडजी वाळूत रोवली. नानांनी मुसळ उचलून पहिला घाव घातला. बडजी दोन इंच खाली गेली. दुसरा घाव, आणखी दोन इंच. वाळूत बडजी मांडण्याचा प्रयोग मराठी माणसाने याआधी केला नसावा. नाना उभ्याने ठेचत होते, ते वाकून ठेचू लागले, मग गुडघ्यांवर आले, शेवटी बडजीचा काठ वाळूला टेकला आणि नाना पालथे पडून, एक हात आत घालून, विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसे भरीत ठेचत होते. साडूंनी मागून त्यांचे पाय धरले होते, खबरदारी म्हणून.

पंगत बसली. केळीच्या पानांवर भरीत, कळण्याची भाकरी, पात. पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला आणि अकरा तोंडांतून एकदमच आवाज आला. कचकच. कोणी काही बोललं नाही. माणसाने चौदा तास प्रवास करून आणलेल्या पदार्थाविषयी काही बोलायचं नसतं.

“दाणे जरा भरड राहिले,” नाना शांतपणे म्हणाले.

“हो, दाणेच,” सगळे म्हणाले आणि चावत राहिले.

तेवढ्यात काकांनी मडकं फोडावं तसं उघडलं आणि असा काही वास सुटला, की नानांचासुद्धा हात थांबला. हिरवा, ओव्याचा, धुराचा, ओल्या रानाचा. शेंगा दाबल्या की दाणा आपण होऊन जिभेवर यायचा. नानांनी त्यातलं बारकं वांगं उचलून उलटसुलट पाहिलं.

“फोडणी?”

“नाही,” काका म्हणाले.

“तेल?”

“नाही.”

“तिखट?”

“पोपटीत तिखट नसतं हो.”

कोणाच्या तरी घरची वाईट बातमी ऐकावी तशी शांतता पसरली. वहिनींनी हळूच पर्स उघडली आणि आतून ठेच्याची डबी काढली. पुढच्या दहा मिनिटांत आम्ही ते मडकं असं रिकामं केलं, की काकांना त्यांच्या वाटणीची एक शेंगही दिसेना. मग त्यांना भरीत वाढलं. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला कान लाल झाले.

“तिखट आहे हो!”

“हे पोरांचं आहे,” वहिनी म्हणाल्या. “आपलं वेगळं काढलंय.”

काकांनी तिसऱ्यांदा मागून घेतलं. वाळूचं काय, असं मी शरमत विचारलं. “तिचं आम्हाला काही वाटत नाही,” ते म्हणाले, “जन्म गेला तिच्यात.”

त्या रात्री शेकोटीभोवती नाना आणि काका यांच्यात, वांगं शिजवावं की भाजावं, या विषयावर बारा वाजेपर्यंत चर्चा झाली. दोघांनीही माघार घेतली नाही. निघताना नानांनी त्यांच्या हातात उरलेली चार किलो वांगी ठेवली आणि हुकूम सोडला, “जानेवारीत जळगावला यायचं. खरं भरीत खायला. वाळू न घालता.”

असं आमंत्रण देणाऱ्याला ते विसरायची मुभा असते, अशी आमच्याकडे पद्धत आहे. कोकणात ती नसावी. पुढच्या वर्षी जानेवारीत काका, काकू, त्यांचा मुलगा आणि एक मडकं असे चौघं जळगाव स्टेशनवर उतरले. मडक्यात भांबुर्डीचा पाला दाबून आणला होता. “तुमच्याकडे कसा असतो माहीत नाही,” काका म्हणाले. पाहुणे आले, म्हणून मला अजिंठा सापडला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी असोद्याकडच्या नानांच्या शेतात भरताचा बेत. कपाशी वेचून झालेली, पलीकडे केळीची बाग, बांधावर एक निंब, आणि अशी थंडी की साडू धुळ्याहून दोन मफलर घालून आलेले. जमीन टणक, बडजी जागची हलेना. वारा आला तो एकाच दिशेने आला. नाना खुशीत होते. काकूंनी मात्र शाल लपेटून चारी बाजूंना बराच वेळ पाहिलं. माझ्या बायकोला हळूच विचारलं, “अहो, इथे बघायला असं काय आहे?”

बायको विचारात पडली. केळीच्या बागेकडे बघून मला पालचे सव्वाशे फोटो आठवले.

काका तोवर विस्तवाजवळ उकिडवे बसले होते. नानांनी मोठ्या मनाने त्यांच्या हातात काडी दिली होती, वांगी फिरवायला. तुराट्या तडतडत होत्या. साल फुटून वांग्यातला रस निखाऱ्यावर सूं करत पडत होता आणि काकांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन जाळ दिसत होते. केळीच्या पानांमागे सूर्य टेकला आणि सगळं शिवार एकदम तांबडं झालं.

“अहो, हे पाहिलंत का? इकडे बघा ना!” काकू ओरडल्या.

काकांनी मान वर केली नाही. “थांब गं,” ते म्हणाले, “हे एक वांगं उलटू दे.”